"पेपरात आलं होतं, मंग तुमच्याकडं असंलच की!"

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. कॉम्प्युटरची पोस्ट दिसतेय म्हणून पुढं सरकू नका. ही सातबाऱ्याची, कोर्टाच्या तारखेची आणि आपल्या सगळ्यांच्या खिशाची गोष्ट आहे.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी एक मावशी ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मावशींचं वय साठीच्या पुढं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफार आणि वकिलानं पेनानं लिहून दिलेली चिठ्ठी. २०१४ साली त्यांच्या सामाईक जमिनीच्या व्यवहाराबद्दल एक जाहीर नोटीस आमच्या साप्ताहिकात छापून आली होती. कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा, अशी नेहमीची. मावशींनी तेव्हा हरकत घेतली होती. आता समोरची पार्टी म्हणते, नोटीसच निघाली नव्हती, हरकत कसली? सोमवारी तारीख होती. वकिलाला ती नोटीस हवी होती, निदान अंकाची तारीख तरी.

मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडं कात्रण नाही का ठेवलं?"

त्या म्हणाल्या, "दादा, पेपरात आलं होतं. मंग तुमच्याकडं असंलच की!"

हे वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर होतं. पेपरात आलं म्हणजे पेपरवाल्याकडं असणार, एवढा साधा विश्वास. आणि आमच्याकडं काय होतं? २०१३ ते २०१५ च्या अंकांची बाइंडिंग केलेली फाईल एका पावसाळ्यात गळक्या भिंतीला टेकून राहिली आणि वाळवीनं खाल्ली. उरलं होतं ते कॉम्प्युटरमध्ये. आणि तो कॉम्प्युटर आठवडाभरापूर्वीच मेला होता.

मी म्हणालो, "उद्या या मावशी, काढून ठेवतो." त्या उद्याचे चार दिवस झाले. त्या चार दिवसांवर ही पोस्ट आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू होईल, "तालुक्याचा पत्रकार आणि मॅक वापरतो? पैसा कुठून आला?" पैसा आला नाही, मॅक आला. मी ज्या दैनिकात आधी होतो, त्यांनी आमची आवृत्ती बंद केली तेव्हा सामान विकायला काढलं. त्यात २०१२ चा एक मॅकबुक प्रो राहिलेल्या पगारात वळता करून मला मिळाला. बातम्यांचे व्हिडिओ मॅकवर करायचो आणि पान लावायला त्याच मशीनवर विंडोज सुरू करायचो. ॲपलनं २००६ मध्ये 'बूट कॅम्प' नावाची सोय आणली होती. तिच्यामुळं एका मॅकवर दोन संसार नांदतात. सुरू करताना ऑप्शनचं बटण दाबून धरायचं, हवं ते घर निवडायचं.

विंडोज कशाला लागते? कारण आमची सगळी जुनी पानं पेजमेकरमध्ये. ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना सांगायला नको. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि मॅकच्या नव्या सिस्टीमसाठी तो कधीच निघाला नाही. फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. फॉन्ट असेल तर 'जाहीर नोटीस' दिसतं, नसेल तर नुसती रोमन चिन्हांची उलटी. आणि आम्ही घेतलेलं फॉन्टचं पॅकेज डोंगलवर चालतं. डोंगल म्हणजे यूएसबीला लावायची किल्ली. ती लावली तरच फॉन्ट उघडतात. हे पॅकेज मी पैसे मोजून, पावती घेऊन विकत घेतलंय. चोरीचं नाही.

मशीन मेलं तरी डिस्क जिवंत होती. २०१२ च्या त्या मॉडेलचं एक बरं होतं, मागचे स्क्रू काढले की डिस्क हातात येते. आमच्या इथल्या मोबाईलवाल्या पोरानं ती पाच मिनिटांत काढली आणि यूएसबीच्या डबीत घालून दिली. त्याच्याच ओळखीनं मी २०१९ चा, इंटेल प्रोसेसरचा सेकंडहँड मॅकबुक प्रो घेतला. मुद्दाम इंटेलचा, कारण बूट कॅम्प त्यावरच चालतं. विचार सोपा होता. जुन्या डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी उचलायची आणि नव्यावर ठेवायची.

आता काही जण म्हणतील, नवीन विंडोज टाकायची, विषय संपला. नाही संपला. नवीन विंडोजवर डोंगलचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागला असता. त्याची सीडी ओरखडे पडून गेली. कंपनीच्या साइटवरचं डाउनलोडचं पान आता उघडत नाही. फोन केला तर सांगितलं, "सर, ते प्रॉडक्ट बंद झालं, नवीन व्हर्जन घ्या." म्हणजे तो ड्रायव्हर अख्ख्या जगात माझ्यापुरता एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या जुन्या विंडोजच्या पोटात. म्हणून घर सामानासकट हलवायचं होतं.

इथून पुढचं जरा तपशिलात लिहितो, कारण तालुक्या-तालुक्यातले डीटीपीवाले, फोटो स्टुडिओवाले ह्याच फेऱ्यात आहेत. कुणाला उपयोग झाला तर झाला.

गुरुवारी रात्री जुन्या विंडोजची क्लोन इमेज घेतली. मूळ डिस्क बाजूला ठेवून दिली, तिला हात लावायचा नाही. (हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं.) शुक्रवारी इमेज नव्या मशीनवर टाकली. माझी जुनी विंडोज जुन्या बायोस पद्धतीनं सुरू होणारी, नवा मॅक फक्त ईएफआय पद्धत ओळखतो. त्यामुळं आधी बूट फायली नव्या पद्धतीच्या करून घ्याव्या लागल्या. मग सुरू केलं. विंडोजचं चिन्ह आलं, गोल फिरलं आणि निळा पडदा. खाली इंग्रजीत, बूट डिव्हाइस सापडत नाही.

तीन वेळा पुन्हा क्लोन केलं. रात्रीचे दोन वाजले. मला वाटत होतं डिस्क खराब आहे. डिस्क ठणठणीत होती. नव्या मॅकमध्ये डिस्क ॲपलच्या टी२ चिपच्या मागं बसते. जुन्या विंडोजला ह्या नव्या डिस्कशी बोलायची भाषाच येत नव्हती. आणि ती भाषा शिकवणारा ड्रायव्हर टाकायला आधी विंडोज सुरू व्हायला पाहिजे. विंडोज सुरू व्हायला ड्रायव्हर पाहिजे. म्हणजे कुलूप लावलेल्या घरात किल्ली राहिली, तसं.

तोडगा शनिवारी सापडला. मॅकच्या बाजूनं बूट कॅम्प असिस्टंट उघडायचं, वरच्या ॲक्शन मेनूत 'विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर' डाउनलोड करायचा पर्याय असतो, तो घ्यायचा. त्या फोल्डरमध्ये डिस्कचा ड्रायव्हर असतो. तो विंडोज सुरू होण्याआधीच, बाहेरून इमेजमध्ये घालायचा. घातला. विंडोज उठली! मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. बायकोनं आतून विचारलं, काय झालं?

काय होणार? कीबोर्ड बंद. बोट फिरवायची पट्टी बंद. वायफाय नाही, आवाज नाही. समोर पासवर्ड विचारणारी खिडकी आणि टाइप करायला काही नाही. ह्या मॉडेलमध्ये कीबोर्डसुद्धा टी२ चिपच्या वाटेनंच जातो, त्यालाही ड्रायव्हर लागतो. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस आणला, टाइप-सीचा कन्व्हर्टर लावला. ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन त्यातला सेटअप चालवला. मशीन दोनदा बंद-चालू झालं आणि कीबोर्ड जिवंत झाला.

तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणांची रांग होती. त्यात अर्धी जुन्या मशीनची भुतं. जुन्याचं ग्राफिक्स कार्ड वेगळ्या कंपनीचं, नव्याचं वेगळ्या कंपनीचं, आणि विंडोज अजून जुन्याचा ड्रायव्हर कवटाळून बसलेली. व्ह्यू मेनूत 'लपलेली उपकरणं दाखवा' करून मेलेली एकेक काढून टाकली, मग ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकला. रविवारी दुपारी विंडोज म्हणाली, हार्डवेअर बदललंय, लायसन्स पुन्हा सिद्ध करा. तेही केलं.

रविवारी संध्याकाळी साडेसातला डोंगल लावली. हिरवा दिवा लागला. पेजमेकर उघडलं. २०१४ चं फोल्डर. पान तीन, डावीकडं खाली, दोन कॉलम. जाहीर नोटीस. मावशींच्या सासऱ्यांचं नाव, गट नंबर, सगळं.

प्रिंटर? ए-थ्री प्रिंटरला नव्या जागी ड्रायव्हर मिळालाच नाही, तो अजून कोपऱ्यात उभा आहे. पीडीएफ करून खाली झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली.

सोमवारी सकाळी मावशींच्या हातात दिली. मी त्यांना सांगितलं, ह्या प्रिंटला कोर्टात वजन किती ते वकीलच सांगतील, पण वर अंक क्रमांक आणि तारीख आहे, आता मूळ अंक शोधता येईल. तो दोन दिवसांनी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर सापडला. कोर्टात त्या दिवशी पुढची तारीख पडली, ते आपल्याकडं व्हायचंच.

गोष्ट गोड झाली ना? म्हणूनच मला राग आलाय.

कारण ती माझ्या हुशारीनं गोड झाली नाही. बाजारात अजून एक सेकंडहँड इंटेल मॅक शिल्लक होता, म्हणून झाली. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम प्रयोग केला. माझ्या भाच्याकडं एम२ चिपचा मॅक आहे. नवा, माझ्यापेक्षा किती तरी वेगवान. म्हटलं, उद्या माझं हेही मशीन गेलं तर काय?

ॲपलनं जून २०२० मध्ये जाहीर केलं की इंटेल सोडून आपल्या चिप वापरणार. त्याच नोव्हेंबरमध्ये एम१ आले. २०२३ मध्ये मॅक प्रोसुद्धा बदलला आणि इंटेलचा विषय संपला. नव्या चिपवर बूट कॅम्प नाही. विंडोज थेट चालवायची असेल तर ते मायक्रोसॉफ्टच्या हातात आहे, असं ॲपल तेव्हा म्हणालं. मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या फेब्रुवारीत पॅरलल्समधून, म्हणजे मॅकच्या आत आभासी मशीन बनवून, त्यात एआरएमची विंडोज ११ चालवायला अधिकृत मान्यता दिली. म्हणजे चालते. भाच्याकडं चालली. पेजमेकरसुद्धा उघडला, कारण जुन्या चिपसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम ही विंडोज भाषांतर करून चालवते.

मग डोंगल लावली. दिवा लागला नाही.

कारण प्रोग्रॅमचं भाषांतर होतं, ड्रायव्हरचं होत नाही. विंडोजच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर त्याच चिपसाठी बनवलेला असावा लागतो, हा मायक्रोसॉफ्टचा लिहून ठेवलेला नियम आहे. माझ्या डोंगलचा तसा ड्रायव्हर नाही, आणि कंपनी तो बनवणार नाही. माझ्यापुरतं तिथं दार बंद. गुगल करून, यूट्यूब बघून, रात्र जागून उघडेल असं हे दार नाही.

आता ज्यांना ह्यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. कॉम्प्युटर एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. मध्ये हा छोटा प्रोग्रॅम बसून इकडचं तिकडं सांगतो. प्रिंटर चांगला, कॉम्प्युटर चांगला, पण दुभाषा मेला की दोघंही एकमेकांकडं बघत बसतात. आणि गंमत अशी की दुभाषा ठेवायचा की नाही, हे फक्त वस्तू बनवणारी कंपनी ठरवते. वस्तू माझ्या घरात, पावती माझ्या नावावर, जीव त्यांच्या हातात.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्याकडच्या कितीतरी वस्तू मोडल्यामुळं भंगारात जात नाहीत. एक छोटा प्रोग्रॅम कुणी लिहीत नाही म्हणून जातात. आणि ह्याला आपण 'टेक्निकल इश्यू' म्हणून सोडून देतो. हा टेक्निकल इश्यू नाही. हा मालकीचा प्रश्न आहे. रस्त्याचा, पाण्याचा असतो तसा सार्वजनिक प्रश्न आहे.

सार्वजनिक कसा? तलाठी कार्यालयात जा. डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, चांगली गोष्ट आहे. ती सही एका यूएसबी टोकनमध्ये असते. ग्रामपंचायतीचं बिल काढायचं, सरपंच-ग्रामसेवकांची सही टोकनवर. त्या टोकनला ड्रायव्हर लागतो. सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशाच्या मशीनला लागतो. "सर्व्हर डाउन आहे" म्हणून माणूस परत पाठवला जातो, तेव्हा दर वेळी सर्व्हरच डाउन असतो का, एकदा विचारून बघा. कॉम्प्युटर बदलला आणि टोकन ओळखत नाही, हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार? तो म्हणतो, साहेब नाही म्हणाले.

आता नेहमीचे आक्षेप.

"जुनं कवटाळून कशाला बसता? युनिकोडवर या." आलोय. २०१७ पासून सगळं युनिकोडमध्ये आहे. पण त्याआधीची पानं कोण बदलून देणार? मजकूर युनिकोडमध्ये करता येतो, त्याचे कन्व्हर्टर आहेत. पण पुरावा म्हणून लागतं ते पान, जसं छापलं तसं, मास्टहेड आणि तारखेसकट. आणि ते पान उघडायला किल्ली लागते.

"कंपनीनं किती वर्षं जुना माल पोसायचा?" नका पोसू! मी कुठं म्हणतोय जन्मभर पोसा? विकणं बंद केलं, सपोर्ट बंद केला, तर जाताना किल्ली दारात ठेवून जा. शेवटचा ड्रायव्हर साइटवर राहू द्या. कसा बोलायचा त्याची माहिती खुली करा. बाकीचं पोरं बघून घेतील. हे मी हवेत बोलत नाही. ॲपलच्या एम चिपवर लिनक्स चालवायला ॲपलनं ड्रायव्हर दिले नाहीत की माहिती दिली नाही. असाही लिनक्स नावाच्या प्रकल्पातल्या मूठभर लोकांनी मशीनचं वागणं बघून बघून ते ड्रायव्हर स्वतः लिहिले, ग्राफिक्सचासुद्धा. माहिती न देता एवढं होतं, तर दिल्यावर किती होईल?

"सिक्युरिटीसाठी बदलावं लागतं." काही अंशी खरं आहे. गाभ्यात बसणारा जुना ड्रायव्हर ही चोराला वाट होऊ शकते. म्हणून कुलूप बदला, माझी तक्रार नाही. पण कुलूप बदलताना घरमालकाला नवी किल्ली द्यायची असते. सुरक्षेचं कारण सांगून मालकालाच बाहेर काढायचं, ही कुठली रीत?

"गरज असेल तर माणूस नवीन घेतो." हे बोलणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माझ्यासारखा साप्ताहिकवाला जाहिरातीचं बिल सहा महिने वाट बघून वसूल करतो. आणि नवीन घेऊनही दिवा लागत नाही, हे वर सांगितलंच. माझी अडचण पैशानं सुटत नाही, तरी प्रत्येक जण मला पैसे खर्च करायलाच सांगतो.

हे भांडण नवीनही नाही. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढीच भर घालायची होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा. सोर्स कोड मागितला, मिळाला नाही. तो प्रसंग त्याच्या डोक्यातून गेला नाही. १९८३ मध्ये त्यानं 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज जगातले बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, त्याच्या मुळाशी एका अडकलेल्या प्रिंटरची चीड आहे. आपल्याला चीडच येत नाही, हा आपला रोग आहे.

सरकार काय करतंय? अगदीच काही नाही असं म्हणणार नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, नंतर पोर्टल काढलं. त्यात शेतीची यंत्रं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाच्या समितीचा अहवाल आला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, ह्याचे गुण तिच्यावर छापायचे, असा विचार. निकषांत सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेटही आहेत. उत्तम. पण सुरुवात फोन आणि टॅबलेटपासून. माझा प्रिंटर, तलाठ्याचं टोकन, डीटीपीवाल्याची डोंगल ह्यांचा नंबर कधी लागणार? आणि मोबाईलचा स्क्रीन बदलता येतो का, एवढ्यावर दुरुस्तीचा हक्क थांबला तर उपयोग काय? आता वस्तू स्क्रूनं कमी आणि सॉफ्टवेअरनं जास्त बंद पडतात.

दबाव टाकला की हलतात, हेही दिसलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आणि इंटेल मॅकवर बूट कॅम्पची अधिकृत धाव विंडोज १० पर्यंतच. पुढं एक वर्ष सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर पैसे भरा, नाहीतर पॉइंट जमवा, नाहीतर तुमच्या सेटिंगचा बॅकअप आमच्या क्लाउडवर ठेवा, असं मायक्रोसॉफ्टनं जगाला सांगितलं. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज केला, तिथं ती बॅकअपची अट काढली आणि वर्षभराचे अपडेट फुकट दिले. तीच विंडोज, तेच अपडेट. फरक एवढाच की तिथं कुणीतरी बोललं.

तर माझ्या तीन मागण्या. फार मोठ्या नाहीत.

एक. सरकारी पैशातून जे जे यंत्र घेतलं जातं, टोकन, स्कॅनर, प्रिंटर, ठशाचं मशीन, त्याच्या टेंडरमध्ये अट घाला. ड्रायव्हरची माहिती खुली असेल किंवा शासनाकडं जमा असेल, तरच खरेदी. मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण केंद्रानं २०१५ मध्येच कागदावर आणलंय. तो कागद टेंडरच्या फाईलला जोडा, एवढंच.

दोन. भारतात विकलेल्या प्रत्येक उपकरणाचा शेवटचा ड्रायव्हर एका सार्वजनिक ठिकाणी कायम ठेवणं बंधनकारक करा. कंपनी बंद होवो, विकली जावो, ती फाईल राहिली पाहिजे. पुस्तकाची प्रत ग्रंथालयात जमा करायचा कायदा आपल्याकडं आहे. ड्रायव्हरची का नको?

तीन. दुरुस्ती निर्देशांकात कॉम्प्युटर आणि त्याला जोडायच्या वस्तू लवकर घ्या. आणि खोक्यावर ठळक छापा, हा ड्रायव्हर किती वर्षं मिळेल. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पन्नास हजारांच्या वस्तूवर का नाही?

आणि थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पत्रकारांबद्दल. मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाच्या बातम्या छापल्या. पुलाचा कठडा, शाळेचं छत, दवाखान्यातलं बंद मशीन. स्वतःच्या पेपरची चौदा वर्षं एका हिरव्या दिव्याच्या भरवशावर सोडली होती, ह्याची बातमी कुणी केली नाही. चूक माझीही आहे. पानं लावली तेव्हाच पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवायला पाहिजे होती. सध्या रोज रात्री जेवण झालं की बसतो, एकेक अंक उघडतो, पीडीएफ करतो. २०११ पर्यंत मागं पोचलोय. मशीन तोवर टिकलं पाहिजे.

ज्यांच्याकडं असे जुने अंक, स्टुडिओच्या निगेटिव्ह स्कॅनची मशीनं, ट्रस्टचे हिशेब जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. मशीन चालू आहे तोवर बाहेर काढा. बंद पडल्यावर माझ्याकडं येऊ नका, मी फक्त चार रात्रींचा अनुभव सांगू शकेन.

आणि तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात धडधाकट असूनही केवळ 'ड्रायव्हर नाही' म्हणून कोपऱ्यात पडलेली वस्तू कोणती, ती कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त वस्तू आणि कधी घेतली ते. पन्नास जणांनी लिहिलं तर यादी करून ग्राहक व्यवहार विभागाला आणि आमच्या खासदारांना पाठवतो, पोच इथंच टाकतो. शेअर करा म्हणणार नाही. तुमच्या गावच्या डीटीपीवाल्याला मात्र नक्की दाखवा.

मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. घरचे शेंगदाण्याचे लाडू घेऊन. म्हणाल्या, "म्हणलं नव्हतं का, तुमच्याकडं असंलच म्हणून!"

मी लाडू घेतला. काय बोलणार? त्यांना खरं सांगायचं धाडस झालं नाही, ते इथं लिहिलं.